संशय, प्रयोजन आणि सीटीचा डाय

पहिला हात मेलेला होता.

राँटगेनच्या क्ष-किरणांची बातमी जगभर पसरून महिनाही झाला नव्हता. जानेवारी १८९६मध्ये व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल या दोघांनी शरीरापासून सुटा झालेला एक हात घेतला, त्याच्या रक्तवाहिन्यांत चुना, हिंगूळ आणि पेट्रोलियम यांचं मिश्रण भरलं आणि जवळजवळ तासभर त्यावर किरण सोडले. काचेवर हाडं उमटलीच, शिवाय रक्तवाहिन्यांचं जाळंही उमटलं. क्ष-किरणांत हाडं उठून दिसतात, मऊ भाग मात्र एकमेकांत विरघळून जातात. ते वेगळे दिसायला हवे असतील तर त्यांत किरण अडवणारं काहीतरी भरावं लागतं, हे त्या चित्रानं सिद्ध केलं. या प्रयोगाला कोणाची सही लागली नाही. कोणाला मळमळलं नाही, कोणाचा श्वास कोंडला नाही, वीस वर्षांनी कोणाचं यकृत बिघडलं नाही. विषय त्या हातापुरता होता तोवर तो निव्वळ तंत्राचा होता. जिवंत माणसाच्या शिरेत सुई गेली आणि तो नीतीचा झाला.

आज चिपळूणपासून चंद्रपूरपर्यंत कुठल्याही स्कॅन सेंटरमध्ये ‘प्लेन करायचा की डाय देऊन?’ हा प्रश्न रोज ऐकू येतो. सीटीसाठी आयोडीनयुक्त द्रव, एमआरआयसाठी गॅडोलिनियमचं संयुग, अन्नमार्ग पाहायचा असेल तर बेरियम. ही सगळी औषधंच आहेत, पण एका बाबतीत ती इतर औषधांहून निराळी आहेत. प्रतिजैविकानं पोट बिघडलं तरी ते जंतू मारतं. केमोथेरपीनं केस गेले तरी गाठ आक्रसते. डाय मात्र काहीच बरं करत नाही. तो एकाच्या शरीरात जातो, तो दुसऱ्याला दिसावं म्हणून. जोखीम रुग्णाची आणि ज्ञान डॉक्टरचं, असा हा व्यवहार आहे. आणि त्या ज्ञानाचं पुढं काय होणार, यावरच तो रास्त की गैर हे ठरतं.

हा विचार भारतीय तत्त्वज्ञानाला नवा नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थांची यादी आहे. तीत प्रमाण (जाणण्याचं साधन) आणि प्रमेय (जाणायचा विषय) यांच्या पाठोपाठ लगेच येतात ते संशय आणि प्रयोजन. वात्स्यायनानं आपल्या भाष्यात म्हटलं आहे की, ज्याची काहीच जाण नाही त्या विषयाचा आणि ज्याचा निर्णय झालेला आहे त्या विषयाचा शोध घेतला जात नाही. शोध सुरू होतो तो संशय असलेल्या विषयाचा. आणि संशय असला तरी त्याच्या निरसनातून काही साधायचं नसेल तर शोधाला पाय फुटत नाहीत. दीड हजार वर्षांहून जुनी ही चौकट स्कॅनच्या चिठ्ठीला लावून पाहावी. कशाबद्दल संशय आहे? तो फिटल्यावर काय वेगळं करणार? या दोन प्रश्नांची उत्तरं असतील तर सुई टोचण्याला अर्थ आहे. एकाचंही नसेल तर नाही, मग डाय कितीही सुरक्षित असो.

सुरक्षित या शब्दाचा इतिहास मात्र बराच काळाकुट्ट आहे.

पोर्तुगालचे एगास मोनीझ हे लिस्बनमधले मज्जाविकारतज्ज्ञ. काही काळ ते देशाचे परराष्ट्रमंत्रीही होते. मेंदूतल्या रक्तवाहिन्या पाहायच्या या ध्यासानं त्यांनी आधी मृतदेहांवर काम केलं, मग जिवंत रुग्णांच्या मानेतल्या धमनीत स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड टोचायला सुरुवात केली. त्यात एक रुग्ण दगावला. मोनीझ यांनी द्रव बदलला, सोडियम आयोडाइड घेतलं आणि १९२७मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्यांचं चित्र पहिल्यांदा मिळवलं. पण आयोडाइड झोंबायचं, झटके यायचे. अशा वेळी बाजारात आलं थोरोट्रास्ट. जर्मनीतल्या हायडेन कंपनीचं हे उत्पादन म्हणजे थोरियम डायऑक्साइडचे बारीक कण मिसळलेला द्रव. टोचताना दुखत नाही, उलटी नाही, झटका नाही, चित्र मात्र लख्ख. १९३१पासून मोनीझ यांनीही ते वापरलं. (त्यांना पुढं १९४९मध्ये नोबेल मिळालं ते या कामासाठी नव्हे, तर मनोरुग्णांच्या मेंदूवरच्या एका शस्त्रक्रियेसाठी, जी आज कोणी अभिमानानं सांगत नाही.)

थोरियम किरणोत्सर्गी आहे हे तेव्हा गुपित नव्हतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषधविषयक परिषदेनं १९३२मध्येच त्याबद्दल सावध केलं होतं. तरी वापर चालूच राहिला, पुढची वीसेक वर्षं. जगभरात लाखो लोकांच्या शरीरात ते गेलं. जपानमध्ये युद्धात जखमी झालेल्या सैनिकांनाही दिलं गेलं. हे कण शरीर बाहेर टाकत नाही. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांत ते ठाण मांडून बसतात आणि अल्फा कण सोडत राहतात. थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षांचं, म्हणजे माणसाच्या आयुष्यापुरतं ते अनंतच. वीस, तीस, चाळीस वर्षांनी यकृताचे कर्करोग आणि रक्ताचे कर्करोग दिसू लागले. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, जपान इथं या रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. जर्मनीतल्या अभ्यासात थोरोट्रास्ट घेतलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांत यकृताच्या कर्करोगाचे शेकडो रुग्ण निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या, थोरोट्रास्ट न मिळालेल्या गटात ते बोटांवर मोजण्याइतके होते.

कर्मसिद्धांत मांडणाऱ्यांना दोन दोष टाळायचे असतात. केलेल्या कर्माचं फळ न मिळता ते वाया जाणं हा एक, आणि न केलेल्या कर्माचं फळ वाट्याला येणं हा दुसरा. या दुसऱ्याला शास्त्रात अकृताभ्यागम म्हणतात. थोरोट्रास्टचे रुग्ण हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण आहे. डोकेदुखीचं कारण शोधायला गेलेला तरुण म्हातारपणी यकृताच्या कर्करोगानं जातो, आणि टोचणारा डॉक्टर तोवर निवृत्त झालेला असतो किंवा वारलेला असतो. परंपरा इथं पूर्वजन्माकडे बोट दाखवते. पण ज्या हानीचा पुरवठादार माहीत आहे, जिच्याबद्दलचा इशारा छापील स्वरूपात होता, तिचा हिशेब पूर्वजन्माच्या खात्यावर घालणं ही श्रद्धा नाही, पळवाट आहे. थोरोट्रास्ट निवडणारे डॉक्टर दुष्टही नव्हते. त्यांनी टेबलावर दिसणारा त्रास मोजला. न दिसणारा मोजायचा राहून गेला, आणि टेबलावर काही होत नाही म्हणूनच ते जास्त लोकांना दिलं गेलं.

जोखीम स्वतःवर घेणारेही होते. वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरनं १९२९मध्ये एबर्सवाल्डे गावच्या इस्पितळात स्वतःच्या दंडातल्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तसाच जिना उतरून एक्स-रे खोलीत गेला. मदतनीस नर्सला वाटत होतं की प्रयोग तिच्यावर होणार आहे. त्यानं तिला टेबलाला बांधून ठेवलं आणि नळी गुपचूप स्वतःला घातली. पुढं त्यानं स्वतःच्या हृदयात डायही सोडून पाहिला. १९५६मध्ये नोबेल मिळालं. अशा धाडसाचं कौतुक होतं, व्हायलाही हवं. पण त्यातून दुसऱ्याच्या शरीराबद्दलचा प्रश्न सुटत नाही. स्वतःवर घेतलेली जोखीम ही दुसऱ्याला ती देण्याची परवानगी होत नाही.

दुसऱ्याच्या वेदनेचा विचार करणारा माणूस स्वीडनमध्ये निघाला. टॉर्स्टेन आल्मेन हा माल्मोचा रेडिओलॉजिस्ट. पायाच्या धमनीत डाय सोडला की रुग्ण ओरडायचे. १९६०च्या दशकात हे इतकं रोजचं होतं की, ते तपासणीचाच भाग मानलं जाई. आल्मेनला मात्र ते ओरडणं खटकत राहिलं. त्या काळचा आयोडीनयुक्त डाय म्हणजे एक क्षार. पाण्यात त्याचे आयन सुटे होतात आणि द्रव रक्ताच्या पाचसात पट तीव्र बनतो. रक्तवाहिनीच्या अस्तराला तो पोळतो. आयोडीन तेवढंच ठेवून रेणू न फुटणारा केला तर? १९६९मध्ये त्यानं हा विचार एका सैद्धांतिक जीवशास्त्राच्या नियतकालिकात मांडला. नॉर्वेतल्या न्यीगार्ड कंपनीनं तो उचलला, आणि त्यातूनच पुढं १९८०च्या दशकात आयोहेक्सॉल आलं, जे आजही जगभर वापरात आहे.

फरक किती पडला, ते जपानमध्ये ३,३७,६४७ तपासण्यांच्या नोंदींवरून १९९०मध्ये प्रसिद्ध झालं. जुन्या डायनं १२.६६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, नव्यानं ३.१३ टक्के. गंभीर त्रास जुन्यानं दहा हजारांत २२ जणांना, नव्यानं ४ जणांना.

आता इथं तत्त्वज्ञान खिशाला भिडलं. अमेरिकेत नवा डाय जुन्याच्या दहापट किंवा त्याहूनही महाग होता. दहा हजारांतले ते अठरा जण वाचवायला सगळ्या दहा हजारांनी पैसे मोजायचे का? की दमा, हृदयविकार, आधीची ॲलर्जी असणाऱ्यांनाच नवा द्यायचा? आणि जुना देताना ‘याहून सुरक्षित पण महाग औषध उपलब्ध आहे’ हे रुग्णाला सांगायचं की नाही? सांगितलं तर तो तेच मागणार. न सांगितलं तर संमतीला काय अर्थ उरला? अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकांत आठदहा वर्षं हा वाद रंगला. तो मिटला तो कोणाच्या युक्तिवादानं नाही. नव्या डायच्या किमती उतरल्या आणि प्रश्नच गळून पडला. नीतीचे बरेच वाद असेच मिटतात, उत्तर न मिळता. पण पुढचं महाग औषध आलं की तोच प्रश्न पुन्हा दारात उभा असतो.

भारतात संमतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८मधल्या एका निकालात सविस्तर हाताळला. प्रकरण डायचं नव्हतं, संमतीशिवाय केलेल्या शस्त्रक्रियेचं होतं. न्यायालयानं म्हटलं की उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय आणि मोठे धोके डॉक्टरनं सांगायलाच हवेत. दूरचे, क्वचित घडणारे धोके मात्र सांगितलेच पाहिजेत असं नाही, कारण त्यानं घाबरून रुग्ण आवश्यक उपचारच नाकारेल. इथल्या बहुसंख्य रुग्णांची गरिबी आणि डॉक्टरवरचा विश्वास यांचाही निकालात विचार झाला. ज्या ब्रिटनच्या परंपरेला हा निकाल जवळचा होता, त्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५मध्ये वेगळी वाट धरली: त्या रुग्णाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगितला पाहिजे.

दहा हजारांत चार हा धोका दूरचा की जवळचा? गणितानं हे ठरत नाही. पण इथंही न्यायदर्शनाकडे एक कसोटी आहे. शब्द हे प्रमाण मानायचं ते आप्ताचं, आणि आप्त कोण? वात्स्यायनाच्या मते ज्याला वस्तू प्रत्यक्ष माहीत आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना लक्षण एकच. जात नाही, पदवीही नाही. या कसोटीवर आपल्याकडचं संमतीपत्र बघावं: बारीक अक्षरांत, बहुधा इंग्रजीत, रिसेप्शनवरच्या मुलीनं पुढं सरकवलेलं, ‘इथं इथं सह्या करा’ एवढ्याच निरूपणासह. त्या मुलीला धोका माहीत नाही. ज्या रेडिओलॉजिस्टला माहीत आहे तो आतल्या खोलीत आहे. जाणणारा आणि सांगणारा वेगळे झाले की आप्तवचन उरत नाही, कागद उरतो.

आणि आप्त नसला की जागा रूढी घेते. कोळंबीची ॲलर्जी असेल तर आयोडीनचा डाय चालणार नाही, हा समज कोकण-गोव्यातच नव्हे तर जगभर पसरला, डॉक्टरांमध्येसुद्धा. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे; आयोडीन तर रोजच्या मिठात असतं आणि थायरॉइडच्या संप्रेरकातही. उपाशीपोटी येण्याच्या सक्तीचंही तसंच. आधुनिक डायसाठी उपास गरजेचा नाही, असं युरोपच्या रेडिओलॉजी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्याकडे मधुमेही म्हातारे अजूनही सकाळपासून पाण्याविना बाकावर बसलेले असतात. निदान पाणी तरी पिऊ का, हे त्यांनी केंद्रात विचारून घ्यायला हवं.

मूत्रपिंडाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. डायनं मूत्रपिंड बिघडतं ही भीती १९५०च्या दशकापासूनची. डाय दिला, दोन दिवसांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) वाढलं, म्हणजे डायनंच वाढलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली तर तो योगायोग, असं काकतालीय न्याय सांगतो; वैद्यकात मात्र दोष कावळ्यालाच दिला जात होता. कारण तुलनेला डाय न दिलेले रुग्ण जवळजवळ कोणी घेतलेच नव्हते. २००८मध्ये अमेरिकेत ३२,१६१ अशा रुग्णांच्या रक्ततपासण्या पाहिल्या गेल्या ज्यांना डाय मिळालाच नव्हता. निम्म्याहून अधिक जणांच्या क्रिएटिनिनमध्ये पंचवीस टक्के वा त्याहून जास्त चढउतार सापडला. आजारी माणसाचं क्रिएटिनिन आजारानंच हलत असतं. २०२०मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि मूत्रपिंड या दोन्ही क्षेत्रांतल्या प्रमुख संस्थांनी एकत्र येऊन सांगितलं की हा धोका फुगवून सांगितला गेला होता. ज्यांचं मूत्रपिंड आधीच फार कमजोर आहे त्यांनी जपावं, त्यांना सलाइन द्यावं, हे खरं. पण भीतीपायी डाय न देता काढलेल्या सीटीत फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी दिसत नाही आणि रुग्ण जातो, तेव्हा त्या मृत्यूची नोंद कुठल्याच दुष्परिणामांच्या रजिस्टरमध्ये होत नाही. न केलेल्या कर्माचाही दोष लागतो, फक्त तो कोणी लिहून ठेवत नाही.

त्या भीतीचा एक परिणाम तर विलक्षण क्रूर ठरला. मूत्रपिंडाच्या रुग्णांना आयोडीनपासून वाचवायचं म्हणून एमआरआयकडे, म्हणजे गॅडोलिनियमकडे वळवलं गेलं. सुटं गॅडोलिनियम विषारी असतं, म्हणून त्याला एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत बांधून देतात. १९८८मध्ये असा पहिला डाय बाजारात आला आणि अत्यंत निर्धोक म्हणून त्याची ख्याती झाली. १९९७पासून अमेरिकेत डायलिसिसच्या काही रुग्णांची कातडी चामड्यासारखी घट्ट होऊ लागली, सांधे आखडले, काहींना हालचाल अशक्य झाली. नऊ वर्षं कारण कळेना. २००६मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रोब्नर या मूत्रपिंडतज्ज्ञानं बोट ठेवलं: त्याच्याकडच्या अशा सगळ्या रुग्णांना गॅडोलिनियम मिळालं होतं. कमजोर मूत्रपिंडातून ते बाहेर पडत नव्हतं आणि सैल पकडीच्या रेणूंतून सुटत होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषधनियामक एफडीएनं सर्वांत कडक इशारा छापायला लावला, मूत्रपिंड तपासून मगच डाय देणं सुरू झालं, आणि नवे रुग्ण जवळजवळ थांबले.

२०१४मध्ये जपानमधून आणखी एक वार्ता आली. मूत्रपिंड ठणठणीत असलेल्या, पण अनेकदा डाय घेतलेल्या लोकांच्या मेंदूत गॅडोलिनियमचे अंश राहिल्याच्या खुणा दिसल्या. त्यानं काही अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. पुरावा एकच, पण निर्णय दोन: २०१७मध्ये युरोपनं सैल पकडीच्या अनेक डायचा वापर स्थगित केला, अमेरिकेनं ते बाजारात ठेवले आणि रुग्णाला माहितीपत्रक द्यायला सांगितलं. थोरोट्रास्टची आठवण असलेल्या माणसाला युरोपचं पटेल. टेबलावर काही होत नाही, एवढ्यावर ज्यांनी विश्वास टाकला त्यांचं काय झालं, ते आपण पाहिलेलं आहे. आणि घट्ट पकडीचा पर्याय हाताशी असताना सैल पकडीचा का द्यावा, याला सयुक्तिक उत्तर फार थोड्या तपासण्यांत सापडतं.

शरीरातून बाहेर पडणारा डाय जातो कुठं, हा प्रश्न तर संमतीपत्रात नसतोच. लघवीतून सांडपाण्यात, तिथून नदीत. जर्मनीतल्या नद्यांमध्ये गॅडोलिनियमचं अस्वाभाविक प्रमाण १९९६मध्येच नोंदलं गेलं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं ते अडवू शकत नाहीत. नदीकाठच्या गावानं कुठं सही केलेली असते?

प्रयोजनाचा प्रश्न एकदा जगाला सक्तीनं सोडवावा लागला. २०२२च्या वसंतात कोविडच्या टाळेबंदीमुळे शांघायमधला एक मोठा कारखाना बंद पडला आणि आयोहेक्सॉलचा पुरवठा अनेक देशांत आटला. अमेरिकेतल्या इस्पितळांनी उरलेल्या बाटल्या मोजून वाटल्या. पक्षाघात, अपघात, गुठळीचा संशय यांना आधी; बाकीच्यांना प्लेन सीटी, सोनोग्राफी, एमआरआय किंवा ‘थोडं थांबू’. प्रत्येक चिठ्ठीवर आता विचारलं जाऊ लागलं: डाय नसेल तर नेमकं काय अडेल? पुरवठा सुरळीत झाल्यावर हा प्रश्न पुन्हा मागं पडला, हे खेदाचं आहे. तो विचारायला टंचाईची गरज नव्हती.

वाचकानं तो विचारावा. ‘या तपासणीच्या निकालावर माझा उपचार बदलणार आहे का?’ हे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला विचारायला संकोच वाटण्याचं कारण नाही. बदलणार असेल तर आकड्यांना घाबरून डाय नाकारू नये. आजच्या डायचा धोका खरोखरच लहान आहे. क्रिएटिनिनचा अलीकडचा रिपोर्ट बरोबर न्यावा. मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल, दमा असेल, दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगावं. आणि मागच्या खेपेला डायनं अंगावर गांधी उठल्या असतील किंवा घसा आवळला असेल, तर ‘डायची ॲलर्जी’ एवढंच न लिहिता त्या डायचं नाव फाइलमध्ये लिहून घ्यावं. पुढच्या वेळी दुसरा डाय निवडायचा तर डॉक्टरला तेच नाव लागतं.